कबुतराच्या जागी साप असता तर?

संपादकांचे पत्र यंदा गणपतीतच आले. 'दिवाळीचा अंक आहे, तेव्हा आपल्या नेहमीच्या सदरात काहीतरी खुसखुशीत येऊ द्या.' मी होकार कळवला. विषयही मनाशी योजून ठेवला. परंतु मास्तराने योजलेले काहीही वर्गातल्या शेवटच्या बाकापुढे टिकत नाही, हा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे. तेव्हा वाचकहो, यंदाच्या फराळात एक खडा लागला, तर दोष त्या बाकाला द्यावा.

त्याचे असे झाले. प्रथम वर्षाच्या वर्गात आख्यानकाव्याचा तास चालू होता आणि शिबी राजाची गोष्ट निघाली. गोष्ट आपणा सर्वांना ठाऊक आहे. ससाण्याने पाठलाग केलेले कबुतर राजाच्या मांडीवर येऊन पडते. ससाणा म्हणतो, "हे माझे भक्ष्य आहे, ते मला दे." राजा म्हणतो, "शरण आलेल्याला मी देणार नाही, त्याच्या वजनाचे मांस माझ्या अंगाचे घे." आणि तराजू मागवला जातो. मी गोष्ट रंगवून सांगितली. मास्तराला स्वतःचा आवाज आवडू लागला, की तो किंचित डोळे मिटतो. मीही मिटले होते. तेवढ्यात मागून एक हात वर झाला.

"सर, कबुतर होतं म्हणून ठीक आहे. त्याच्या जागी साप असता तर?"

वर्ग हसला. मीही हसलो. घंटा झाली म्हणून सुटलो. परंतु जिना उतरताना माझ्या ध्यानात आले, की हसण्यावारी नेण्यासारखा हा प्रश्न नव्हे. थोरामोठ्यांच्या न्यायासनांपुढे गेली शंभरावर वर्षे हाच प्रश्न वेगवेगळ्या रूपांनी उभा आहे. एखाद्या माणसाला त्याचे सरकार शत्रू समजते. तो पळून दुसऱ्या देशात येतो. त्या देशालाही तो नकोसा असतो, धोक्याचा वाटतो. परत पाठवला तर तिकडे त्याची हाडे मोडतील, अशी खरीखुरी भीती आहे. मग त्याला पाठवावे काय? कबुतर असेल तर ठेवावे, हे कोणीही सांगेल. पण साप असेल तर?

शिक्षकांच्या खोलीत चहाच्या वेळी मी हा प्रश्न आमच्या इतिहासाच्या प्राध्यापकांपुढे ठेवला. हे गृहस्थ सावरकरांचे निस्सीम भक्त. दरवर्षी ८ जुलैच्या सुमारास कुठे ना कुठे त्यांचे मार्सेच्या उडीवर व्याख्यान असते, आणि ते ऐकताना अंगावर काटा उभा राहतो.

"सापाला कोण मांडीवर घेतो?" ते बशीत चहा ओतीत म्हणाले. "फेकून द्यायचा."

"आणि मार्सेच्या धक्क्यावर फ्रेंच शिपायानं काय केलं?" मी विचारले.

त्यांची बशी अर्ध्या वाटेवर थांबली.

त्यांच्या व्याख्यानात उडी असते, पण उडीनंतरचा किनारा क्वचितच असतो. त्या दिवशी आम्ही दोघे त्या किनाऱ्याविषयीच बोललो. ते बोलणे आता आपल्यापुढे मांडतो.

१९०९ च्या डिसेंबरात नाशिकला विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनचा खून झाला. सावरकर तेव्हा लंडनला होते. पिस्तुले पाठवल्याचा आणि राजद्रोहाचा आरोप ठेवून त्यांना १३ मार्च १९१० रोजी व्हिक्टोरिया स्थानकावर पकडण्यात आले आणि 'मोरिया' बोटीने मुंबईला रवाना करण्यात आले. ८ जुलैच्या सकाळी बोट मार्सेच्या बंदरात असताना ते शौचालयाच्या गोल खिडकीतून समुद्रात उतरले, पोहत धक्क्याला लागले आणि धावू लागले. एका फ्रेंच शिपायाने त्यांना धरले आणि बोटीवरून मागोमाग आलेल्या पोलिसांच्या मदतीने परत बोटीवर पोचवले. फ्रान्सच्या भूमीवर पाय ठेवलेला माणूस काही मिनिटांत पुन्हा इंग्रजांच्या ताब्यात गेला.

पुढे फ्रान्समध्ये गवगवा झाला. 'ल्युमानिते' पत्रात मार्क्सचा नातू जाँ लाँगे याने लेखणी उचलली. आमच्या भूमीवर आलेल्या राजकीय आरोपीला असे परत देता येत नाही, असे फ्रान्स म्हणू लागले. अखेर २५ ऑक्टोबर १९१० रोजी दोन्ही सरकारांनी करार करून हे भांडण हेगच्या लवादापुढे नेले. पाच पंच बसले. बेल्जियमचे बेर्नार्ट अध्यक्ष, आणि नॉर्वे, हॉलंड, फ्रान्स व इंग्लंड यांचा एकेक. २४ फेब्रुवारी १९११ रोजी निवाडा झाला. पंच म्हणाले, शिपायाने केले त्यात अनियमितपणा होता हे खरे. पण इंग्लंडने कपट केले नाही की बळजबरी केली नाही. दुसऱ्या देशाच्या नोकराच्या चुकीमुळे हाती आलेला कैदी परत द्यावा, असा कुठलाही नियम नाही.

मी इतिहासवाल्यांना म्हटले, "या साऱ्या प्रकरणात मला सर्वांत बोचणारी गोष्ट कोणती ठाऊक आहे? निवाडा विरुद्ध गेला, ही नव्हे."

"मग?"

"त्या पाच पंचांपुढे सावरकर नव्हतेच. हेगला सुनावणी चालू होती तेव्हा ते मुंबईच्या तुरुंगात होते, आणि निवाडा येण्यापूर्वीच, डिसेंबर आणि जानेवारीत, त्यांना दोन जन्मठेपी झालेल्या होत्या. वाद होता दोन सरकारांचा. माणूस कोणाचा, एवढाच प्रश्न. त्या माणसाचं पुढे काय होईल, हे विचारायला तिथं जागाच नव्हती."

पुढे काय झाले ते आपल्याला सांगायला नको. अंदमानचा कोलू, हातापायांतल्या बेड्या, एकान्तकोठडी. हेगच्या निवाड्यात यांतले काहीही नाही, कारण त्या काळच्या कायद्याच्या नजरेला ते दिसतच नव्हते.

मराठीचा मास्तर असल्यामुळे इथे एका शब्दापाशी थांबतो. आपल्याकडे 'तडीपार' असा जुना शब्द आहे. तड म्हणजे काठ, किनारा. नको असलेल्या माणसाला काठापलीकडे घालवले, की घालवणाऱ्याचे काम संपले. पलीकडच्या तडीला काय आहे, पाणवठा आहे की वाघ बसला आहे, याची चौकशी त्याने करायची नसते. जगातले सगळे हद्दपारीचे कायदे पूर्वी असेच होते. काठ माझा, माणूस नकोसा, तो पलीकडे गेला, विषय संपला. गेल्या काही दशकांत कायद्यात जी नवी गोष्ट आली, ती एका वाक्यात सांगायची तर एवढीच, की पाठवणाऱ्याने आधी पलीकडची तड पाहावी.

ही दृष्टी एकाएकी आली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५१ साली, निर्वासितांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याचे ३३ वे कलम सांगते, की ज्या मुलखात निर्वासिताच्या जिवाला किंवा स्वातंत्र्याला त्याच्या वंशामुळे, धर्मामुळे वा राजकीय मतामुळे धोका आहे, तिथे त्याला परत लोटू नये. पण गंमत पाहा. त्याच कलमात पुढे एक पुरवणी आहे. जो आश्रय देणाऱ्या देशाच्या सुरक्षिततेलाच धोका आहे असे मानायला सबळ कारण आहे, त्याला या कलमाचा लाभ मागता येणार नाही. म्हणजे माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न त्या करारकर्त्यांनाही पडला होता, आणि त्यांनी सापाला दार बंद ठेवले.

मात्र छळाविषयीचे कायदे याहून कडक निघाले. १९५० साली रोममध्ये सह्या झालेल्या युरोपीय मानवी हक्क कराराचे तिसरे कलम एका ओळीचे आहे. कोणाचाही छळ होता कामा नये, कोणालाही अमानुष वा मानहानीची वागणूक वा शिक्षा मिळता कामा नये, असा त्याचा आशय. त्याला 'परंतु' नाही. १९८४ साली संयुक्त राष्ट्रांनी छळाविरुद्ध स्वतंत्र करार केला. त्याचे तिसरे कलम म्हणते, की जिथे छळ होईल असे मानायला सबळ आधार आहे तिथे कोणालाही पाठवू नये. त्यालाही 'परंतु' नाही. व्याकरणात 'परंतु' हे साधे उभयान्वयी अव्यय आहे. कायद्यात मात्र त्याच्या असण्यानसण्यावर माणसाची हाडे अवलंबून असतात.

या 'परंतु'च्या अभावाची कसोटी ज्या खटल्यात लागली, तो आपल्याला सोपा नाही, कारण त्यात पलीकडची तड आपली होती.

करमजितसिंग चहल हे पंजाबचे गृहस्थ. १९७१ साली कामधंद्याच्या शोधात परवान्यावाचून इंग्लंडात शिरले, आणि १९७४ मध्ये सरकारी माफीच्या योजनेखाली त्यांना तिथे कायम राहण्याची परवानगी मिळाली. १९८४ च्या आरंभी ते नातेवाइकांना भेटायला पंजाबात आले. सुवर्णमंदिरात गेले, भिंद्रनवाल्यांना भेटले. मार्चमध्ये पंजाब पोलिसांनी त्यांना धरले आणि एकवीस दिवस ठेवले. आपल्याला बेशुद्ध होईपर्यंत मारले आणि विजेचे धक्के दिले, असे त्यांचे म्हणणे. आरोप न ठेवताच त्यांना सोडण्यात आले. ते इंग्लंडला परतले आणि तिथल्या शिखांच्या फुटीर चळवळीत पुढारी झाले. ऑगस्ट १९९० मध्ये ब्रिटिश सरकारने ठरवले, की हा माणूस राष्ट्रीय सुरक्षिततेला धोका आहे, त्याला भारतात पाठवावे. त्यांना पकडून बेडफर्डच्या तुरुंगात ठेवले.

चौकशी कशी झाली तेही पाहण्यासारखे आहे. तीन सल्लागारांच्या मंडळापुढे त्यांना बोलता आले, पण वकील देता आला नाही. पुरावा कुठून आला ते सांगितले नाही. मंडळाने सरकारला काय सल्ला दिला, तेही त्यांना कळले नाही. मुदतीवाचून बसलेला हा कैदी सहा वर्षांहून अधिक काळ आत होता.

१५ नोव्हेंबर १९९६ रोजी स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने निकाल दिला. १२ विरुद्ध ७ मतांनी न्यायालय म्हणाले, की चहल यांना भारतात पाठवल्यास तिसऱ्या कलमाचा भंग होईल. ते ब्रिटनला धोकादायक आहेत की नाहीत, हा प्रश्न इथे गैरलागू आहे. माणसाची वागणूक कितीही नकोशी, कितीही धोक्याची असो, छळाच्या बाबतीत तराजू धरायचाच नाही. चहल त्याच दिवशी सुटले.

सात न्यायाधीशांचे मत निराळे होते. त्यांचे म्हणणे होते, की छळ आपल्या हद्दीत होणार नसून परक्या देशात होण्याची केवळ शक्यता असेल, तर देशाची सुरक्षितता आणि ती शक्यता यांचे वजन करता आले पाहिजे. हे म्हणणे काही वेड्याचे नव्हे. आमच्या इतिहासवाल्यांनी तर त्या सात जणांच्या बाजूने आठवे मत तिथल्या तिथे नोंदवले.

"तुम्ही त्या वेळी लहान होतात," ते म्हणाले. ते माझ्याहून बारा वर्षांनी मोठे आहेत. "मी पुण्यात शिकत होतो. १० ऑगस्ट १९८६ ला जनरल वैद्यांना भर रस्त्यात गोळ्या घातल्या. त्याआधी वर्षभर 'कनिष्क' विमान समुद्रावर फुटलं, तीनशे एकोणतीस माणसं गेली. त्या दिवसांत खलिस्तानचं नाव काढणाऱ्या कोणाची आम्ही फिकीर करणं शक्य नव्हतं."

मी गप्प राहिलो. चहल यांच्या खटल्याचा या दोन प्रकारांशी संबंध नाही, आणि त्यांच्यावरचा सुरक्षिततेचा आरोप उघड्या न्यायालयात कधी शाबीतही झाला नाही. पण त्या दिवसांची ती मनःस्थिती खरी होती, आणि ती नाकारून हा विषय बोलता येत नाही. ज्याला आपण साप म्हणतो, तो दर वेळी दोरीच असतो असे नाही.

थोड्या वेळाने मी म्हटले, "जनरल वैद्यांचे मारेकरी पकडले गेले. खटला कुठं चालला?"

"पुण्यातच."

"उघड न्यायालयात? वकील देऊन?"

"हो. आणि १९९२ ला येरवड्याला फाशी गेले."

"मग सापाचं काय करायचं ते आपल्याला ठाऊक आहे की. पुरावा असेल तर न्यायालयापुढे उभं करायचं. फाशीच्या शिक्षेविषयी तुमचं माझं मत निराळं असेल, पण तिथं वीज लावून जबाब घेण्याची गरज कोणाला भासली पाहिजे, असं तुम्हीही म्हणत नाही."

"ते नाहीच म्हणत," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "आणि १९१० ला इंग्रजी पत्रं सावरकरांना काय म्हणत होती, ते मला सांगू नका. मी ते वर्गात शिकवतो."

मुद्दा नेमका हाच होता. लंडनच्या गृहखात्याला सावरकर साप दिसत होते, आपल्याला गरुड. मार्सेच्या धक्क्यावर त्या शिपायाने क्षणभर थांबावे, हा माणूस कुठे चालला आहे याचा विचार करावा, अशी इच्छा आजही प्रत्येक मराठी माणसाच्या मनात आहे. मग ती इच्छा फक्त आपल्या माणसापुरती ठेवता येईल काय? परीक्षक कोण, आणि त्याच्या डोळ्यावर चष्मा कुठला, यावर साप आणि कबुतर ठरत असेल, तर नियम त्या भेदावर उभारण्यात अर्थ नाही. तो उभारावा लागतो तो पलीकडच्या तडीवर. तिथे छळ आहे की नाही, एवढेच पाहायचे.

आणि दोन्ही प्रकरणांतला दुसरा फरकही पाहा. १९११ साली फ्रान्स विरुद्ध इंग्लंड असा वाद होता आणि माणूस गैरहजर. १९९६ साली वाद होता चहल विरुद्ध ब्रिटन. परक्या देशाचा एक कैदी ब्रिटनच्या सरकारला समोर उभे करून जाब विचारतो आणि जिंकतो. ब्रिटनने व्यक्तीला स्ट्रासबर्गकडे दाद मागण्याची मुभा १९६६ साली मान्य केली होती, म्हणून हे घडले. पाऊण शतकाहून थोड्या अधिक काळात कायद्याने एवढी मजल मारली.

आता आपल्या तडीविषयी. त्या खटल्यात भारत सरकारने हमी दिली होती, की चहल यांना इतर कोणाही नागरिकासारखेच कायद्याचे संरक्षण मिळेल. ब्रिटनने तर असेही सुचवले, की पंजाब नको असेल तर भारतातला हवा तो विमानतळ निवडा, तिथे उतरवू. न्यायालयाने भारत सरकारच्या सद्धेतूविषयी शंका घेतली नाही. पण ते म्हणाले, की सरकारचा हेतू चांगला असला तरी सुरक्षा दलांतल्या काहींची वागणूक हे जुने आणि न सुटलेले दुखणे आहे, आणि पंजाबचे पोलीस आपल्या राज्याबाहेर जाऊनही माणसे उचलत, हे दिसून आले आहे.

हे वाचताना आपल्याला राग येतो. मलाही आला होता. परक्याने आपल्या घरातली धूळ दाखवली, की धुळीपेक्षा दाखवणाऱ्याचा राग आधी येतो. परंतु त्या निकालानंतर जेमतेम महिन्याने, १८ डिसेंबर १९९६ रोजी, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू यांच्या खटल्यात निकाल दिला. कोठडीतले मृत्यू आणि मारहाण ही सभ्य समाजातली अत्यंत गंभीर गोष्ट आहे असे ठरवून पोलिसांना अकरा आज्ञा घालून दिल्या. पकडणाऱ्याने नावाची पट्टी लावावी, अटकेचा कागद साक्षीदारासमोर करावा, नातेवाइकाला कळवावे, दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी. स्ट्रासबर्गने जी धूळ दाखवली, तीच दिल्लीने झाडायला घेतली. आपल्याच न्यायालयाला जे दिसले, ते परक्याला दिसले म्हणून त्याला दूषण कसे द्यावे?

हमीच्या कागदाविषयीही दोन शब्द सांगतो, कारण अशा प्रकरणांत आता सगळे भांडण तिथे येऊन ठेपते. पाठवणारा देश म्हणतो, आम्ही लेखी हमी घेतली आहे. १८ डिसेंबर २००१ रोजी स्वीडनने अशी हमी घेऊन दोन इजिप्शियन माणसांना अमेरिकी विमानातून कैरोला पाठवले. स्वीडनचे राजदूत तुरुंगात त्यांना भेटायला गेले, पण पहिली भेट झाली पाच आठवड्यांनी. त्या पाच आठवड्यांचा हिशेब कुठल्या कागदात लिहिणार? मे २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी समितीने स्वीडनला दोषी ठरवले, आणि पुढे त्या सरकारने दोघांना नुकसानभरपाई दिली. उलट, जॉर्डनच्या एका जहाल धर्मोपदेशकाला ब्रिटनने पाठवायचे ठरवले तेव्हा स्ट्रासबर्गने २०१२ साली हमी पुरेशी मानली, पण दुसऱ्यांचा छळ करून काढलेले जबाब त्याच्याविरुद्ध वापरले जातील म्हणून पाठवणी अडवली. मग दोन देशांनी असले जबाब बाद करणारा करार केला, २०१३ च्या जुलैत त्याची पाठवणी झाली, आणि २०१४ साली जॉर्डनच्या न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. म्हणजे नियमाने दार कायमचे लावले नाही. पलीकडची तड आधी साफ करा, मग पाठवा, एवढेच सांगितले.

आपणही हे दार ठोठावीत असतोच. १७ डिसेंबर १९९५ च्या रात्री बंगालमध्ये पुरुलियाला विमानातून शस्त्रे टाकली गेली. त्यातला आरोपी किम डेव्ही डेन्मार्कला जाऊन बसला. तिथल्या सरकारने त्याला द्यायचे ठरवले, पण २०११ मध्ये डेन्मार्कच्या उच्च न्यायालयाने आणि २०२४ मध्ये पुन्हा तिथल्या न्यायालयाने नकार दिला. कारण एकच, भारतात छळाचा धोका. आपल्या दृष्टीने हा अन्यायच. पण याला उत्तर रागाने देता येत नाही. छळाविरुद्धच्या त्या १९८४ च्या करारावर आपण १४ ऑक्टोबर १९९७ रोजी सही केली, पण तिच्यावर अनुसमर्थनाची मोहोर अजून उठवलेली नाही. २०१० साली लोकसभेने त्यासाठी विधेयक मंजूर केले, ते पुढे बारगळले. २०१७ साली विधी आयोगाने पुन्हा मसुदा करून दिला. आपल्याला हवा असलेला आरोपी आपल्या न्यायालयापुढे यावा असे वाटत असेल, तर त्याचा रस्ता आपल्याच पोलीस चौकीतल्या मागच्या खोलीतून जातो.

आणि आपल्याकडे आश्रयाला आलेल्यांचे काय? १९५१ च्या करारात आपण नाही. तरीही १९९६ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने अरुणाचलातल्या चकमांविषयी सांगितले, की घटनेच्या २१ व्या कलमातले जीविताचे रक्षण नागरिकांपुरते नाही, ते प्रत्येक माणसाला आहे. त्याच न्यायालयाने ८ एप्रिल २०२१ रोजी जम्मूतल्या रोहिंग्यांना अंतरिम दिलासा मात्र नाकारला. म्हणजे आपल्या तराजूचा काटा अजून हलतो आहे.

चहा केव्हाच संपला होता. आमचे मित्र उठता उठता म्हणाले, "सगळं खरं. पण तुमच्या त्या पोराला काय सांगणार?"

मी घरी आलो आणि मला माझी आजी आठवली. वाळव्याकडच्या आमच्या गावी बेचाळीसच्या धामधुमीत एका रात्री अनोळखी माणूस दारात आला. आजी तेव्हा नवी सासुरवाशीण. त्याला तिने माळ्यावर कडब्याच्या आड ठेवले. दोन दिवस भाकरी वर जात होती. तिसऱ्या दिवशी फौजदार आला. आजीने त्याला पाणी दिले, गूळ दिला, आणि घरात कोणी नाही असे सांगितले. चौथ्या रात्री तो माणूस निघून गेला. त्याचे नाव तिला शेवटपर्यंत कळले नाही.

मी शाळकरी पोर असताना तिला विचारले होते, "आजी, तो भूमिगतच होता कशावरून? दरोडेखोर असता तर?" त्या दिवसांत दोघेही रात्रीचेच चालत, आणि एकाच वाटेने.

आजी जात्यापाशी बसली होती. म्हणाली, "तो कोण हुता ते मला ठावं नव्हतं, बाळा. फौजदार कसा हुता ते ठावं हुतं. आदल्या आठवड्यात चावडीवर त्यानं एकाला मारलं, ते साऱ्या गावानं ऐकलं हुतं."

हेगच्या पाच पंचांना जे दिसले नाही, स्ट्रासबर्गच्या बारा न्यायाधीशांना जे पानेच्या पाने लिहून सांगावे लागले, ते एका अंगठाबहाद्दर बाईने दोन वाक्यांत सांगितले होते. मी ते तीस-पस्तीस वर्षे विसरलो होतो, आणि वर्गात डोळे मिटून शिबीची गोष्ट सांगत होतो.

दुसऱ्या दिवशी तासाला मी आधी बिभीषणाची गोष्ट काढली. तो शरण आला तेव्हा सुग्रीवाने रामाला बजावले, हा शत्रूचा भाऊ आहे, हेर असेल, याला घेऊ नका. राष्ट्रीय सुरक्षिततेचा मुद्दा इतका जुना आहे. त्यावर रामाने दिलेल्या उत्तराचा आशय असा, की बिभीषणच काय, प्रत्यक्ष रावण आला असता तरी मी अभय दिले असते. मग मी मार्सेचा किनारा सांगितला, बेडफर्डचा तुरुंग सांगितला, आणि शेवटी आजीचा माळा.

शेवटच्या बाकावरचा हात पुन्हा वर झाला.

"पण सर, सापानं राजालाच डसलं तर?"

"राजाकडे पिटारी असते," मी म्हटले. "साप पिटारीत ठेवावा, झाकण घट्ट लावावं, वर पहारा बसवावा. त्यानं गुन्हा केला असेल तर सगळ्यांसमोर त्याचा निवाडा करावा. या सगळ्याला खर्च येतो, धोका राहतो. शिबीनं मांडीचं मांस दिलं ते उगीच नव्हे. फक्त ससाण्याच्या चोचीत टाकायचा नाही."

पोराने थोडा विचार केला. पूर्ण पटले असे त्याच्या चेहऱ्यावर दिसले नाही. त्याने वहीत मात्र काहीतरी लिहून घेतले, आणि मास्तराला दिवाळीचा बोनस म्हणून तेवढे पुष्कळ झाले.

वाचकहो, फराळात खडा लागल्याबद्दल क्षमस्व. आपल्या उंबऱ्यावरची पणती आपल्याला आणि वाट चुकून येणाऱ्यालाही उजेड देवो. पुढच्या वर्षी संपादकांना नक्की खुसखुशीत काहीतरी देईन, शेवटच्या बाकाने परवानगी दिली तर.